मोटारगाडीच्या विजेवरील हॅन्डब्रेकचा दोष : आमचा अनुभव व तपासाची रीत

शेतकऱ्याच्या अंगणांत बैलगाडीच्या शेजारीं मोटारगाडी उभी राहूं लागली, यास आतां बरींच वर्षें झालीं. डेअरीस दूध घालावयाचें असो, तालुक्याच्या बाजारास जावयाचें असो किंवा रात्रीं-अपरात्रीं घरांतील आजाऱ्यास दवाखान्यांत न्यावयाचें असो, तिचा उपयोग कोणी नाकारणार नाहीं. परंतु बैल आजारी पडला तर त्याच्या डोळ्यांवरून व कानांवरून दुखणें ओळखणारीं माणसें गांवोगांव आढळतात. मोटारीचें तसें नाहीं. तिच्यांत बिघाड झाला कीं आपण एकदम परस्वाधीन होतों आणि समोरचा जो आंकडा सांगेल त्यास मान डोलावतों. असा प्रसंग आमच्यावर सन २०२४ च्या आषाढांत आला. तो ज्या भागामुळें आला तो भाग अलीकडील पुष्कळ गाड्यांत असतो. म्हणून त्याची हकीकत व त्यानिमित्तानें आम्हांस मिळालेली माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर पाटण तालुक्यांत डोंगराच्या अंगास आहे. घरापुढें अंगण, अंगणाखालीं उतार आणि उताराच्या तळाशीं शेणखताचा उकिरडा अशी मांडणी आहे. चिरंजीव सायंकाळीं कामावरून आले, गाडी तोंड वर करून उतारावर उभी केली, हॅन्डब्रेकचें बटण ओढलें, आणि तांबडा दिवा लागला म्हणून निश्चिंत मनानें घरांत आले. गियर मोकळाच होता. तांबड्या दिव्याशेजारीं एक पिवळा दिवा आठ दिवसांपासून अधूनमधून लागत होता. तो आम्हीं सर्वांनींच पाहिला होता आणि 'पुढें बघूं' म्हणून सोडून दिला होता. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळीं उठून पाहतों तों गाडी वीस-बावीस हात मागें घसरून तिची पाठ उकिरड्यांत रुतलेली. गाडीचें म्हणण्यासारखें नुकसान झालें नव्हतें. परंतु आदल्या सायंकाळीं त्याच वाटेवर वाहत्या पाण्यांत आमचीं दोन नातवंडें कागदी होड्या सोडीत बसलीं होतीं. हें ध्यानांत आल्यावर त्या दिवशीं घरांत कोणास चहा गोड लागला नाहीं.

आतां हा ब्रेक म्हणजे काय, तें प्रथम सांगणें अवश्य आहे. जुन्या गाड्यांत दोन बैठकांच्या मध्यें एक दांडा असे. तो वर ओढला म्हणजे पोलादी दोर ताणला जाई व मागील दोन्ही चाकांचे ब्रेक आवळले जात. दांडा किती दांते वर आला यावरून दोर ढिला झाला आहे कीं काय, हें हातालाच कळे. नव्या रचनेंत दांडा गेला व बोटाएवढें बटण आलें. सन २००१ मध्यें जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या सेव्हन सीरीज या बड्या गाडींत ही रचना आली. तेव्हां ती श्रीमंतांची चैन होती, आज मध्यम किमतीच्या गाड्यांतहि ती असते. तिचे दोन प्रकार आहेत. एकांत विजेची एकच मोटर पूर्वीचाच दोर ओढते. दुसऱ्यांत मागील प्रत्येक चाकास स्वतंत्र मोटर असते. आमची गाडी या दुसऱ्या प्रकारची असल्यामुळें पुढील विवेचन मुख्यतः त्याविषयींच आहे.

मागील चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीस दोन्ही बाजूंनीं पॅड दाबणारा जो कॅलिपर, त्याच्या पाठीवर मुठीएवढी मोटर बसविलेली असते. तिच्या पोटांतील दांत्यांचीं चक्रें तिची गति पुष्कळ पटींनीं उतरवितात व जोर वाढवितात. शेवटीं आट्यांचा एक दांडा फिरतो, त्यावरील नट पिस्टनच्या आंत पुढें सरकतो, आणि पिस्टन रेटला जाऊन पॅड तबकडीस घट्ट धरतात. स्क्रूचा जॅक हात काढला तरी आपणहून खालीं येत नाहीं, तसेंच येथें आहे. एकदां आवळल्यावर वीज बंद झाली तरी पकड सुटत नाहीं. बॅटरी पूर्ण उतरली तर लागलेला ब्रेक लागलेलाच राहतो व सुटलेला ब्रेक लागत नाहीं, त्याचें कारण हेंच.

या मोटरींवर देखरेख करणारी एक इलेक्ट्रॉनिक पेटी गाडींत असते. पॅड तबकडीस टेकेपर्यंत मोटर हलकी फिरते व थोडीच वीज ओढते. टेकल्यावर भार पडतो व प्रवाह झपाट्यानें चढतो. तो ठरलेल्या मर्यादेस पोंचला कीं पकड पुरी झाली असें पेटी समजते व वीज तोडते. पूर्वीं मोटेवरचा जाणता गडी विहिरींत न डोकावतां बैलांच्या खांद्यावरील ओढीवरून मोट भरली कीं नाहीं तें सांगत असे. पेटीचा न्याय तोच. तिला चाक दिसत नाहीं, पॅड दिसत नाहीं. तिला केवळ विजेचा दाब व प्रवाह कळतो. त्यामुळें तार कुजली असो, प्लगांत पाणी शिरलें असो वा मोटर खरोखरच जळली असो, तिच्या दप्तरीं नोंद बहुधा मोटरच्याच नांवें पडते.

आम्ही गाडी शहरांतील एका कारखान्यांत नेली. तेथील तरुणानें स्कॅनर जोडला व डाव्या मागील मोटरच्या मंडलांत खंड असल्याची नोंद वाचून दाखविली. लगेच अंदाजपत्रक झालें : दोन्ही बाजूंचे कॅलिपर मोटरींसह बदलावे, पॅड नवे घालावे, मजुरी वेगळी, एकूण ४०,००० रुपयांच्या वर. गाडीची हमीची मुदत संपलेली होती. "तार पाहिली काय?" असें आम्हीं विचारलें. तेव्हां "स्कॅनर खोटें सांगत नाहीं, काका" असें उत्तर मिळालें.

आमचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. पीकपाहणी चावडीवर बसून लिहिली म्हणजे काय होतें, हें आम्ही पुरतें जाणतों. उभ्या उसाच्या शेतांत ज्वारीची नोंद पडते, आणि मग शेतकरी कर्जासाठीं नाहींतर नुकसानभरपाईसाठीं हेलपाटे घालतो. नोंद खोटी असेलच असें नाहीं. परंतु ती कोणी, कोठून, काय पाहून केली हें विचारल्यावांचून तिच्यावर निकाल देऊं नये, असा आमचा तीस वर्षांचा परिपाठ. स्कॅनरची नोंद पेटीनें आपल्या चावडीवर बसून केलेली होती. जागेवर जाऊन पाहणी कोणीच केली नव्हती. आम्हीं अंदाजपत्रकाचा कागद घडी करून खिशांत घातला व गाडी परत आणली. अर्थात् चढ-उतारावर कोठेंहि उभी न करतां.

तालुक्याच्या गांवीं ट्रॅक्टरचे स्टार्टर व अल्टरनेटर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. शिक्षण फारसें नाहीं, पण हात व कान तयार. त्यानें जी रीत अवलंबिली ती आम्हीं शेजारीं उभें राहून पाहिली.

प्रथम गाडी सपाट जागीं घेऊन पुढील चाकांस पुढून व मागून दगड लाविले. हा ब्रेक फक्त मागील चाकें धरतो. मागची बाजू जॅकवर उचलली कीं तो लागलेला असूनहि गाडीस आधार कांहींच उरत नाहीं. ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षांत येत नाहीं व जॅक कलंडून माणसें दबतात.

मग बॅटरी. या मोटरी पकडीच्या अखेरीस बराच प्रवाह ओढतात. बॅटरी मंद असेल तर दाब खालीं बसतो व पेटी गोंधळून भलतीच नोंद करते. विश्रांति घेतलेली चांगली बॅटरी मीटरवर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली, आणि १२ च्या खालीं म्हणजे आधीं तिचाच बंदोबस्त करावा. आमची १२.५ भरली. टोकांवरील पांढरी बुरशी तेवढी पुसून काढली.

पुढें कान. यंत्र बंद ठेवून केवळ किल्ली फिरविली, चिरंजीवांनीं बटण ओढलें व कारागीर चाकाशीं कान लावून बसला. उजवीकडून सुमारें एक क्षण घुर्र असा आवाज आला व शेवटीं तो जड होऊन थांबला. हा निरोगी ब्रेकचा आवाज. डावीकडे पूर्ण शांतता. आवाज येऊन पकड येत नसती तर आंतील चक्रें मोडलीं असें समजावयाचें. आवाज लांबत गेला असता तर पॅड फार झिजले असावे. मुळींच आवाज नाहीं, याचा अर्थ मोटरपर्यंत वीज पोंचत नाहीं किंवा मोटरच मेली. तपास येवढ्यानेंच अर्ध्यावर आला, आणि त्यास एक पैचाहि खर्च लागला नाहीं.

फ्यूज ठीक होता. किल्ली काढून डाव्या मोटरचा प्लग सोडविला. आंतील पितळी टोकें स्वच्छ होतीं. मीटर लावून दोन्ही मोटरींचा विरोध मोजला, तो सारखाच निघाला. हा आंकडा अगदीं लहान असतो व साध्या मीटरवर त्याचा पुरता भरंवसा धरतां येत नाहीं. पण उजव्या-डाव्याची तुलना उपयोगी पडते. मोटर जिवंत असावी असें दिसूं लागलें.

राहिली तार. तिचीं दोन्ही टोकें, म्हणजे मोटरकडील व पेटीकडीलहि, सोडवून मीटरनें पाहिलें, तर मीटर टूं करून वाजला. म्हणजे तार अखंड. येथें आमचा धीर सुटला व खिशांतील अंदाजपत्रक आठवूं लागलें. कारागीर मात्र हंसला. त्यानें हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा दिवा आणला, बॅटरीची वीज फ्यूजमधून त्या तारेंत सोडली व दुसऱ्या टोकास दिवा जोडला. दिवा काजव्याप्रमाणें मिणमिणला. दुसऱ्या चांगल्या तारेवर तोच दिवा लख्ख पेटला. तारेंतील वीस-तीस केसांपैकीं एकच केस शाबूत राहिला असेल तरी मीटर समाधान पावतो, कारण तो नखभरच वीज सोडून पाहतो. भार पडल्यावर मात्र तो एक केस काय वाहून नेणार? ही परीक्षा करतांना पेटीकडील प्लग सुटलेला असलाच पाहिजे, नाहींतर बॅटरीची वीज उलट पेटींत शिरून ती जळेल व मग चाळीस हजारहि पुरणार नाहींत.

तारेवर बोट फिरवीत तो मागील आंसाजवळ आला. तेथें काळ्या आवरणावर उंदराच्या दांतांचीं दोन बारीक छिद्रें होतीं. आवरण चिरल्यावर आंत सगळा हिरवा कळंक. छिद्रांतून शिरलेलें पाणी तांब्याच्या केसांतून वातींतील तेलाप्रमाणें चढत गेलें होतें व वीतभर तार आंतल्या आंत कुजली होती; बाहेरून पाहणाऱ्यास ती धडधाकट दिसावी. उंदीर कोठून आले याचाहि उलगडा झाला. गाडीच्या पडवींत आम्हींच मक्याचीं पोतीं रचलीं होतीं. पाण्याचा मार्गहि आमचाच : शेतांतून आल्यावर फवारणीच्या एच. टी. पी. पंपाचा झोत चाकांच्या आंत मारून चिखल धुण्याची आमच्या घरीं चाल होती.

घसरण्याचें कोडें यावरून सुटलें. डावें चाक मोकळें, उजवें एकटें धरलेलें, आणि तेंहि ओल्या शेवाळलेल्या मातीवर. चाक फिरलें नसेल. धरलेलें चाक जागच्या जागीं सरकत गेलें असावें. मोटारींच्या ब्रेकांविषयींच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमांत भरलेली गाडी २० टक्क्यांच्या, म्हणजे १०० फुटांस २० फुटांच्या, चढ-उतारावर या ब्रेकनें थांबली पाहिजे अशी अट आहे. आमचा उतार त्याहून पुष्कळ सौम्य. दोन्ही चाकें धरलीं असतीं व खालीं कोरडी जमीन असती तर गाडी हलती ना.

दुरुस्ती थोडक्यांत सांगतां येते. कुजलेली तार दोन्ही बाजूंस तांबें चकचकीत लागेपर्यंत कापली व तितक्याच जाडीची नवी तार घातली. सांधे एकासमोर एक न आणतां पुढेंमागें घेतले. सांध्यांस डाख न देतां दाबाचे जोड वापरले. कारण डाखानें तार कडक होते व चाकाजवळच्या हादऱ्यांनीं तिच्या काठाशीं पुन्हां तुटते, असें कारागिराचें मत. (आमचे एक स्नेही डाखाचे कैवारी आहेत, हा वाद येथें मिटणारा नव्हे.) वर आंतून डिंक असलेली नळी तापवून बसविली, म्हणजे पाणी शिरणार नाहीं. शेजारूनच चाकाची गति मोजणाऱ्या सेन्सरची पीळ दिलेली बारीक तार जाते. तिला धक्का लागूं दिला नाहीं. तारेस पूर्वींइतकाच झोळ ठेवून ती जुन्याच पकडींत बसविली. एकंदर खर्च १,४०० रुपये आला.

जोडणी होतांच डाव्या चाकाकडूनहि घुर्र आवाज आला. तो ऐकून सौभाग्यवतींनीं घरांतूनच "लागला का?" म्हणून विचारलें. त्यानंतर स्कॅनरनें जुनी नोंद पुसली, ब्रेक आठ-दहा वेळां लावून सोडून पाहिला, मागील चाकें एकेक उचलून हातानें फिरतात कीं काय तें तपासलें, आणि शेवटीं चालक आंत बसवून, पाय ब्रेकवर तयार ठेवून, कोरड्या उतारावर परीक्षा घेतली. स्कॅनर विकत घ्यावयाचा झाल्यास एक गोष्ट पाहावी : स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाच्याच नोंदी वाचतात, ब्रेकच्या नाहीं.

त्या कारखान्यास आम्ही लबाड म्हणत नाहीं. भाग काढून भाग घालणें हीच त्यांची रीत, आणि ब्रेकसारख्या वस्तूंत जुनी तार जोडण्याची जबाबदारी घेण्यास ते कचरतात, हेंहि समजण्यासारखें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या गाडीची हमी चालू असेल त्यांनीं तारेस कात्री मुळींच लावूं नये, कंपनीकडेच जावें. मात्र अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वीं 'बॅटरी किती भरली, मोटरचा आवाज येतो कीं नाहीं, तार भार घालून तपासली काय' हे तीन प्रश्न विचारण्यास कोणाची हरकत नसावी.

पॅड बदलण्याविषयीं मात्र फार सावध राहिलें पाहिजे. जुन्या कॅलिपरचा पिस्टन क्लॅम्प लावून मागें रेटण्याची मेस्त्र्यांस संवय असते. येथें पिस्टनच्या आंत नट पुढें आलेला असतो. तो मागें न घेतां जोर केला तर आंतील आटे वा चक्रें मोडतात, आणि साध्या पॅडच्या कामांत मोटर बळी पडते. त्याकरितां पेटीस प्रथम दुरुस्तीच्या अवस्थेंत, मेस्त्री ज्यास सर्व्हिस मोड म्हणतात त्यांत, न्यावें. स्कॅनरनें, व कांहीं गाड्यांत बटण व पेडल ठराविक क्रमानें दाबून, तें साधतें. काम चालू असतां किल्ली मालकाच्या खिशांत असावी. कॅलिपरमध्यें बोटें असतां कोणी मुलानें बटण ओढलें तर ती मोटर हाडाची पर्वा करणार नाहीं.

ब्रेक लागून बसला व सुटेना, असाहि प्रसंग येतो. तेव्हां गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढूं नये. टायर, तबकडी व पॅड सर्वांचीच माती होते. पुष्कळदां बॅटरी उतरलेली असते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची जोड देऊन, पाय ब्रेकवर ठेवून बटण दाबलें कीं काम होतें. तेवढ्यानें न झाल्यास बहुतेक रचनांत मोटर दोन स्क्रू काढून बाहेर घेतां येते व आंतील आट्यांचा दांडा पान्यानें उलट फिरवून पकड ढिली करतां येते. हें काम जाणत्याकडूनच, आणि चारी चाकांस दगड लावल्यावरच, करवून घ्यावें.

आमच्या घरीं आतां मक्याचीं पोतीं माळ्यावर गेलीं आहेत. पंपाचा झोत चाकांच्या बाहेरूनच मारतात. गाडी उतारावर न ठेवतां अंगणांतच उभी करतात. पाहुण्यांच्या गर्दींत कधीं उतारावर लावावी लागलीच तर ती पहिल्या गियरमध्यें ठेवून मागील चाकास दगड देतात. तो दगड आणून ठेवण्याचें काम धाकट्या नातवाकडे आहे, आणि तो दगड लागल्यावांचून बापास घरांत येऊं देत नाहीं.